डोळ्याजवळचं सोनं

डॉक्टरांनी माझ्या छातीला नळी लावायच्या आधी माझे डोळे पाहिले. छातीवर कुणी पाटा ठेवून बसल्यासारखं झालं होतं, डावा हात कोपरापासून बधिर, पोलकं घामानं ओलंचिंब, आणि हा माणूस अंगठ्यानं माझी पापणी ताणून बघत होता. मला राग आला. रागावणं मला चांगलं जमतं, ते त्या अवस्थेतही जमलं.

"डोळे चांगले हायेत माहे," मी म्हटलं. "छातीचं पाहा."

"पाहतो. हे पिवळं किती वर्षांपासून आहे?"

माझ्या दोन्ही वरच्या पापण्यांवर, नाकाच्या बाजूच्या कोपऱ्यात, तुरीच्या डाळीएवढा एकेक पिवळा उंचवटा आहे. कळ सोसत होते तरी मी जरा तोऱ्यातच सांगितलं, "ते सोनं हाये. आमच्या माहेरची खूण. ज्याच्या डोळ्यापाशी असते, त्याच्या हाताले यश असते."

"माहेरी आणखी कुणाला आहे?"

"दादाले. माह्यापेक्षा मोठं हाये त्याचं. बाबाले होतं."

"बाबा कुठे असतात?"

"गेले. खळ्यावर मळणी चालू होती. पानी मागितलं, अन् लोटा हाती येयाच्या आदी बसल्या जागी गेले. दृष्ट लागली म्हनत सारे."

डॉक्टरांनी पापणी सोडली. सिस्टरला मशीन आणायला सांगितलं आणि मला म्हणाले, "आता बोलू नका. उठायचं तर अजिबात नाही." त्यांचा आवाज बदलला होता. तो बदललेला आवाज ऐकला आणि मी पहिल्यांदा घाबरले.

गॅस

ही चौऱ्याऐंशी सालची गोष्ट. भंडाऱ्यात कचेऱ्यांच्या मागच्या गल्लीत माझी खानावळ आहे, तेव्हाही होती. मी लग्नात बपेरा गावी दिलेली, पण आमच्या ह्यांची तिकडची नोकरी सुटली तेव्हा आम्ही भंडाऱ्यात आलो आणि मी चूल मांडली. कारकून, शिक्षक, तारखेला आलेले पक्षकार, सगळे माझ्याकडे जेवायचे. माझ्या वांग्याच्या रश्श्यावर बोटभर लाल तर्री तरंगायची. तर्री कमी दिसली तर लोक ताट सरकवायचे, म्हणून मी ती कधी कमी दिसू दिली नाही. आणि सगळे जेवून गेले की उरलेला रस्सा, म्हणजे भांड्यात उरलेली ती तर्रीच, भातावर ओतून मी जेवायची.

दुखणं अचानक आलं असं मी सगळ्यांना सांगत असे, पण ते खरं नाही. उन्हाळ्यापासून बाजारात जाताना छातीत काहीतरी आवळायचं. थांबलं की सुटायचं. आता भर रस्त्यात बाईमाणसानं उगीच कसं थांबायचं? आमच्या वाटेवर पितळी भांड्यांची दुकानं ओळीनं आहेत. मी एकेका दुकानापुढे थांबायची, पाण्याचा एखादा गुंड उचलून बघायची, बोटानं वाजवून बघायची, किंमत विचारायची आणि श्वास जुळला की पुढे निघायची. दुकानदारांना वाटलं, हिच्या घरी लग्न निघालंय. एकानं तर कुणाचं म्हणून विचारलंही.

घरी मी म्हणायची, गॅस आहे. ओवा खायची, हिंग लावायची. आमचे हे म्हणाले, "दवाखान्यात दाखवून दे ना एकडाव." मी म्हटलं, "गॅसले कोन दवाखान्यात जाते?" हृदयाचा आजार साहेब लोकांना होतो, बायांना तर होतच नाही, अशी माझी पक्की समजूत होती. वाचणाऱ्या बायांनो, ही समजूत तुमची असेल तर आजच सोडा. चालताना येणारं आणि थांबलं की जाणारं दुखणं गॅस नसतं.

दिवाळीनंतर मंडईचे दिवस आले. गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा आणि रात्रीची नाटकं, पाव्हण्यांची ये-जा, खानावळीत पंगतीवर पंगत. अशाच एका दुपारी भाताचं मोठं गंज चुलीवरून उतरवताना ते आवळणं आलं, आणि या वेळी थांबूनही सुटलं नाही.

खाटेवर

मशीनचे वाडगे छातीला चिकटवतात, खाली गार मलम लावतात, आणि कागदाची पट्टी सरसर बाहेर येते. त्या पट्टीवर माझं हृदय काय लिहितंय ते मला दिसत होतं, वाचता येत नव्हतं. डॉक्टर वाचत होते आणि मी त्यांचं तोंड वाचत होते.

झटका येऊन गेला होता. पुढचे दिवस मला कुशीवरही स्वतःहून वळू देत नव्हते. आयुष्यभर पहाटे चुलीपाशी बसलेल्या बाईला कुणी म्हणतं, तुम्ही हात हलवू नका. भांडं लावायलासुद्धा सिस्टर. पहिल्या दिवशी मी लाजेनं रडले. दुसऱ्या दिवशी सिस्टर म्हणाली, "मावशी, तुम्ही रोज किती लोकाईले वाढता? एवढं आमच्या हातून घ्या ना." त्यानंतर मी रडले नाही. ती पोरगी साकोलीकडची होती, आणि वॉर्डात शिरली की गाणं गुणगुणायची. तिच्या ड्युटीची मी वाट बघायची.

भीती मात्र होती. ती सांगून टाकते, कारण ती सगळ्यांना असते आणि कुणी सांगत नाही. झोप लागेल आणि जाग येणार नाही, अशी भीती. मी छातीवर हात ठेवून ठोके ऐकत पडायची. एखादा ठोका चुकल्यासारखा वाटला की घाम फुटायचा. आमचे हे खाटेजवळ स्टुलावर बसायचे. ते बोलणारे नाहीत. एकदा मी म्हटलं, "मी गेली तर खानावळ बंद करा. तुमच्या हातची भाजी कोन खाईन?" ते म्हणाले, "म्हनून तर म्हनतो, जाऊ नको." लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्यांनी मला असं काही कधी म्हटलं नव्हतं.

भेटायला येणारे लोक म्हणजे दुसरं संकट. आमच्याकडे आजारी माणसाला ताकद यावी म्हणून तूप. कुणी तुपातला शिरा आणला, कुणी सायीचं दही. माहेराहून, आसगावहून, वहिनी आली ती डिंकाच्या लाडवांचा डबा घेऊन. एकेक लाडू मुठीएवढा. डॉक्टरांनी राउंडला डबा उघडून पाहिला आणि वहिनीला नम्रपणे विचारलं, "ताई, यांना घरी न्यायचंय की नाही?" वहिनी बिचारी डबा पदराखाली घेऊन बसून राहिली.

रिपोर्ट

रक्त नागपूरला गेलं होतं. त्याचा रिपोर्ट आला तेव्हा डॉक्टर स्टूल ओढून बसले. उभ्या उभ्या बोलणारा डॉक्टर बसला की समजायचं, सांगायला बरंच आहे.

कोलेस्टेरॉल हा शब्द मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. आता गल्लीतल्या पोरांनाही येतो, तेव्हा डॉक्टरांना तो मला दोनदा सांगावा लागला. ते म्हणाले, रक्तातली चरबी आहे, सगळ्यांच्यात असते, तुमच्यात फार आहे. ती रक्तवाहिन्यांना आतून चिकटते आणि वाट बारीक होते. मला लगेच माझ्या खानावळीची मोरी दिसली. हिवाळ्यात तिच्यात खरकट्याबरोबर गेलेलं तूपतेल थिजून बसतं आणि पाणी तुंबतं, मग आम्ही काडी घालून खरवडतो. मी विचारलं, "काडी घालता येते का?" ते हसले. म्हणाले, "काडी नाही. पण आणखी थिजू द्यायचं नाही, हे तुमच्या हातात आहे."

मग त्यांनी डोळ्याचं सांगितलं. काही घराण्यांत ही चरबी जन्मापासूनच जास्त असते. बापाकडून लेकराकडे येते. मावेनाशी झाली की कधीकधी पापणीच्या कातड्याखाली साठते. हे पिवळं ज्याला असतं त्या प्रत्येकाला हृदयाचा आजार असतोच असं नाही, आणि नसलं म्हणजे माणूस सुटला असंही नाही. पण तुमचे वडील तसे गेले, तुम्हाला झटका आला, तेव्हा हे सोनं नाही, सुमनबाई. ही चरबी आहे.

मला कानफटात बसल्यासारखं झालं. आता हे वाचणाऱ्याला कळणार नाही म्हणून सांगते. आसगावात आमच्या घराची शेती फार नाही, पण मान आहे. मृगाच्या सुमाराला धानाचे पऱ्हे टाकतात, म्हणजे रोवणीची रोपं तयार करायला बी फेकतात, तेव्हा पहिली मूठ ज्याच्या डोळ्यापाशी सोनं आहे त्यानं टाकायची, अशी आमच्या घरातली चाल. आजोबा टाकत, बाबा टाकत, मग दादा. दादाच्या मुठीचं पीक चांगलं येतं असं आजूबाजूचे म्हणू लागले, आणि हळूहळू अर्ध्या गावाच्या पऱ्ह्यात पहिली मूठ दादाचीच पडू लागली. त्या दिवसांत लोक त्याला सकाळी न्यायला येतात, टिळा लावतात. माझं लग्न जुळलं तेव्हाही सासऱ्यांनी माझे डोळे बघून होकार दिला होता.

आणि ती सगळी चरबी होती. मला स्वतःचं वाईट वाटून झालं आणि मग एकदम सुचलं, दादाचे ठिपके माझ्यापेक्षा मोठे आहेत, आणि बाबा गेले तेव्हा दादाच्या आताच्याच वयाचे होते.

दादा

बाबा गेले तेव्हा मी शाळेत होते. दादानं नांगर धरला, मला सातवीपर्यंत शिकवलं, माझं लग्न लावलं. मला बाप म्हणून आठवतो तो दादाच.

तो भेटायला आला तेव्हा मी त्याला सगळं सांगितलं. तो डोक्याचं पागोटं मांडीवर घेऊन ऐकत होता. मी म्हटलं, "दादा, एकडाव रगत तपासून घे. सुई टोचते, बस."

"कायले?"

"तुले बी असन हे."

"मले का झालं? दोन पोते धान पाठीवर नेतो मी."

"बाबा बी नेत होते."

त्याचा चेहरा उतरला, मग लाल झाला. "त्या पोट्ट्या डाक्टरनं सांगतलं अन् तुवा आयकलं? बाबाले दृष्ट लागली. साऱ्या गावाले माहीत हाये."

"ते सोनं नाही, दादा. चरबी हाये."

"सुमे, तू बिमार हायेस म्हनून आयकून घेतो," तो उठून उभा राहिला. "गाव माह्या हातानं पऱ्हे टाकते. आता लोकाईले का सांगू, बाप्पा, चरबी हाये म्हनून? माह्या बापाची, आज्याची, साऱ्याईचीच चरबी?"

तो गेला. वहिनी मागे वळून वळून बघत गेली. ती रात्रंदिवस त्याच्याबरोबर राहते, तिला काहीतरी दिसत असणार, असं मला तेव्हाच वाटलं. पण नवऱ्याच्या मागे ती मला ते सांगणार नव्हती.

मी खाटेवर पडल्या पडल्या ठरवलं. मी बरी होणार, आणि दादाला या खोलीत आणणार, पण असा झोपवून नाही, चालत.

तर्रीशिवाय

घरी आल्यावर डॉक्टरांनी दिलेली शिस्त अशी होती: तूप बंद, साय बंद, अंड्याचा पिवळा बंद, कलेजी-वजडी बंद, मटण सणावारी आणि तेही चरबी काढून. मासे चालतील, तळलेले नाहीत. पालेभाजी, डाळ, फळं. आणि चालणं.

पहिल्याच आठवड्यात मी घोटाळा केला. तूप बंद म्हटल्यावर मी वनस्पती तूप वापरायला लागले. डब्यावर झाडाचं चित्र, वनस्पतीचं आहे, जनावराचं नाही, म्हणजे पथ्याचंच झालं. चांगलं हात सोडून घातलं. तपासायला गेले तेव्हा मोठ्या फुशारकीनं सांगितलं. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "सुमनबाई, थंडीत जे थिजतं ते सगळंच नको. डब्यावर काय काढलंय ते बघू नका." एवढं सोपं आधी सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं, असं मी त्यांना म्हणाले. ते म्हणाले, चुकलंच माझं.

मग मी जवसाच्या तेलाकडे परत गेले. आमच्या लहानपणी घरोघरी तेच होतं, घाणीवरचं. जरा बरे दिवस आले तशी लोकांना त्याची लाज वाटू लागली होती. तेही मी पळी मोजून घालायची.

मोठा प्रश्न खानावळीचा होता. घरात दोन भाज्या, एक माझी आणि एक गिऱ्हाइकांची, असं काही दिवस केलं. पण रोज दुसऱ्यांसाठी तर्री सोडताना मला ती बाकड्यावर बसलेली माणसं दिसू लागली. लांजेवारबाबू तहसीलातले, पोट सुटलेले, चार पायऱ्या चढल्या की धापा टाकायचे. मी त्यांच्या ताटात काय वाढत होते ते आता मला माहीत होतं. माहीत असून वाढणं मला जमेना. एक दिवस मी सगळ्यांचंच तेल कमी केलं.

लांजेवारबाबूंनी वाटीत चमचा फिरवला. "बाई, आज तर्री कुठी गेली?"

"माह्या छातीत होती. डाक्टरनं काढायला लावली."

बाकड्यावरचे सगळे हसले, पण सगळे टिकले नाहीत. काही जण समोरच्या खानावळीत गेले. आमच्या ह्यांचं तोंड सुकलं. मी जिरं, लसूण, भाजलेले जवस, कोथिंबीर यांवर जोर दिला. लाखोरीच्या डाळीला आंबाडीची भाजी लावली, बोडीतले, म्हणजे लहान तळ्यातले, मासे कांद्याच्या रश्श्यात शिजवले. चव तेलात असते असं मी इतकी वर्षं समजत होते. चव हातात असते असं बाया म्हणतात, तेही खरं नाही. चव वेळ दिल्यानं येते. गेलेल्यांतले निम्मे परत आले, लांजेवारबाबू कुरकुरत का होईना कधी गेलेच नाहीत.

चालणं हे खाण्यापेक्षा अवघड निघालं. अंतर मला झेपत होतं, पण लोक झेपत नव्हते. सकाळी बाई रिकाम्या हातानं रस्त्यानं चालली की जो तो विचारणार, "कुठी चालल्या, मावशी?" कुठे नाही, नुसती चालतेय, हे उत्तर कुणाला पटत नाही. घरात भांडण झालं असंच वाटतं. मग मी हातात पिशवी घेऊन निघायची. रिकामी पिशवी वैनगंगेच्या काठापर्यंत न्यायची आणि रिकामीच परत आणायची. कुणी विचारलं तर भाजी. नदीकडे कसली भाजी, हे कुणी विचारलं नाही. उन्हाळा लागेपर्यंत माझा श्वास इतका सुधारला की एक दिवस पिशवी घरीच विसरले. त्यानंतर नेलीच नाही. "कुठी चालल्या?" "चालाले." संपलं.

भांड्यांच्या दुकानांपुढून मी आता न थांबता जात होते. एका दुकानदारानं हाक मारली, "मावशी, लग्न मोडलं का?"

धुऱ्यावर

या सगळ्या महिन्यांत मी दादाचा पिच्छा सोडला नव्हता. आसगावचा कुणी भंडाऱ्यात आला की त्याच्या हाती निरोप. दादाचं उत्तर ठरलेलं: बरा आहे. नंतर उत्तर येईनासं झालं. आमच्या घरात माझ्या आजारपणापेक्षा जास्त ताण त्या अबोल्याचा होता. मी भावाच्या मानावर पाणी ओतलं असं माहेरचे म्हणत होते. आमचे हेही एकदा म्हणाले, "आता सोड ना. त्याचं त्याले." मी म्हटलं, त्याचं त्याला असतं तर मी कधीच सोडलं असतं. पण मला तो खळ्यावर बसलेला दिसायचा, लोटा मागताना. माझा बाप मला दुसऱ्यांदा मरू द्यायचा नव्हता.

पऱ्ह्यांचे दिवस आले तशी मी न बोलावता आसगावला गेले. दादानं "ये" म्हटलं, एवढंच. सकाळी लोक त्याला न्यायला आले, टिळा लावला. मी म्हटलं, मीही येते. वहिनीही निघाली.

धानाच्या बांध्यांमधल्या धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, आम्ही निघालो, गावातली माणसं पुढे, मग मी, मग दादा आणि वहिनी. धुरा अरुंद आणि चढउताराचा. मी रोजच्या सवयीनं झपाझप चालले होते. थोड्या वेळानं मागे पावलांचा आवाज येईना म्हणून वळून पाहिलं. दादा थांबला होता. कमरेवर हात ठेवून बाजूच्या बांधीकडे निरखून पाहत होता. वहिनी त्याच्या शेजारी खाली मान घालून उभी होती.

मी परत गेले. "का पाहून राहिला, दादा?"

"पीक पाहून राहिलो."

त्या बांधीत काही नव्हतं. नांगरलेली कोरडी ढेकळं होती. पेरणीच अजून व्हायची होती.

त्याच्या कपाळावर, टिळ्याच्या खालून, घाम ओघळत होता. मी त्याच्या इतकी जवळ गेले की पुढच्यांना ऐकू जाऊ नये. "मी भंडाऱ्यात पितळेचे गुंड पाहत होती असेच. घ्याचा एक बी नव्हता."

तो ढेकळांकडेच पाहत राहिला. वहिनी म्हणाली, "दिवाळीपासून चालू हाये, बाई. मले शपत घातली होती." आणि तिनं तोंडावर पदर घेतला.

"आवळते?" मी विचारलं.

"आवळते," दादा म्हणाला. "थांबलं का सुटते."

"कोनत्या हातात जाते?"

"डाव्या." मग म्हणाला, "बाबाले बी असंच होत असन का वं?"

बाबाही असेच धुऱ्यावर थांबत असतील, आणि पोरसवदा दादाला वाटत असेल, बाबा पीक बघतायत. मी मान हलवली.

"आदी मूठ टाकू दे," तो म्हणाला. "लोक थांबले हायेत."

त्यानं मूठ टाकली. एकच, आमच्या शेजाऱ्याच्या पऱ्ह्यात. मग पाय मुरगळल्याचं सांगून तो बाकीच्यांकडे गेला नाही. त्या दिवशी मी त्याच्या खिशातून बिड्यांचा कट्टा काढून घेतला, तोही त्यानं काढू दिला.

तपासणी

दुसऱ्या दिवशी तो माझ्याबरोबर यायला तयार झाला, पण गावात सांगितलं, कचेरीत काम आहे. मी म्हटलं, काहीही सांग, चल. एस.टी.त तो खिडकीकडे तोंड करून बसला.

तेच डॉक्टर, तीच मशीन. दादा खाटेवर आडवा झाला तेव्हा त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की मला त्याचं लहानपण दिसलं, जे मी पाहिलेलंच नाही. पट्टी बाहेर आली. डॉक्टरांनी ती निरखून पाहिली आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "वेळेवर आणलंत." झटका आलेला नव्हता. वाट बारीक झाली होती. जिभेखाली ठेवायची गोळी दिली, बिडी बंद, ओझं बंद, तूप बंद, आणि नागपूरला आणखी तपासणी. रक्ताचा रिपोर्ट काही दिवसांनी आला. माझ्यापेक्षा वाईट होता.

तपासणीच्या दिवशी पट्टी निघाल्यावर आम्ही दवाखान्याच्या व्हरांड्यात बसलो होतो. मी मनात सगळी तयारी केली होती. तो रडला तर काय बोलायचं, चिडला तर काय बोलायचं. तो रडला नाही आणि चिडलाही नाही. त्यानं विचारलं, "हे बापाकडून लेकराईले जाते म्हनते ना हा डाक्टर?"

"जाऊ शकते. साऱ्याईलेच नाही."

"दवाखाना कवा उघडते?"

"सकाळी. पन उपाशीपोटी आना लागते. पान्याशिवाय काही नाही."

"बरं," म्हणून तो स्टँडकडे निघाला. मी सोबत निघाले तर म्हणाला, "येतो मी. तू घरी जा." हळूहळू, न थांबता, चालत गेला. तो काय करील ते मला कळलं नाही. गावात जाऊन पुन्हा तोंड मिटून बसेल अशीच मला भीती होती. पोरं तरणी होती, थोरला तर दादासारखाच हट्टी. त्यांना सांगायचं म्हणजे गावाला कळणार.

तरी दुसऱ्या दिवशी सकाळी मी दवाखान्याच्या फाटकाशी जाऊन उभी राहिले. आसगावावरून येणारी पवनीकडची गाडी आली. दादा उतरला. त्याच्या मागे थोरला, धाकटा, लेक. त्यांच्या मागे चुलतभाऊ आणि त्याची दोन पोरं. सगळ्यात शेवटी आसगावचा एक माणूस उतरला, ज्याच्या पऱ्ह्यात परवा मूठ पडली होती तोच. तो आमच्या नात्यातलासुद्धा नाही.

"हा कायले?" मी दादाला हळूच विचारलं.

"त्याले बी चढावर थांबा लागते. काल साऱ्याईले बसवून सांगतलं मी. चावडीवर." तो इतक्या साधेपणानं बोलला की मला आधी समजलंच नाही तो काय सांगतोय. "म्हटलं, माह्या डोळ्याजवळ जे हाये ते सोनं नाही. बाप त्यानंच गेला. ज्याले आवळते त्यानं माह्यासंग चालाचं."

"मंग? लोक का म्हनले?"

"का म्हनतीन? चूप बसले. मंग हा उठला."

एकेकाचं रक्त घेतलं. दादा दाराशी उभा राहून प्रत्येकाचं नाव पुकारत होता, जणू दवाखाना त्याचाच. लेकीला सुईची भीती वाटली तर तिचं तोंड स्वतःच्या छातीशी धरून उभा राहिला. सगळं आटोपलं तेव्हा ते उपाशी लोक माझ्याकडे बघायला लागले.

मी त्या सगळ्यांना खानावळीत आणलं. आमच्या ह्यांनी पाट टाकले. मी भात, लाखोरीची डाळ, आंबाडी, कांद्यातले मासे वाढले. थोरल्या भाच्यानं वाटीत डोकावून पाहिलं आणि तोंड उघडणार तेवढ्यात दादा म्हणाला, "आत्या वाढते ते खा."

पोरानं खाल्लं. सगळ्यांनीच खाल्लं, पोटभर, आणि मी उभी राहून पाहत होते. त्या खाटेवर पडल्यापासून 'मी वाचेन, मी वाचेन' असं म्हणत आले होते. त्या सकाळी पहिल्यांदा मला वाटलं, आम्ही वाचू.